पाहुण्यांची मुले

पाहुण्याने किती दिवस राहावे याचा हिशेब आपल्या जुन्या म्हणींनी घालून ठेवला आहे. पहिल्या दिवशी तो पाहुणा. तिसऱ्या दिवशीही तो हलला नाही तर त्याच्या अकलेविषयी शंका घेण्याची यजमानास मुभा! परंतु पाहुणा तीस वर्षे राहिला, त्याचा संसार त्याच ओसरीवर मांडला गेला आणि तेथे त्यास मुले झाली, तर यजमानाने त्या मुलांस काय म्हणावे आणि मुलांनी स्वतःस काय समजावे, याविषयी म्हणी गप्प आहेत. पश्चिम जर्मनीत हा प्रश्न गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लक्षावधी तुर्की घरांत उभा राहिला. त्या घरांचा थोडा इतिहास येथे सांगावा असा आमचा विचार आहे.

हा विषय आम्हांस का सुचला, असे कोणी विचारील. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत आणि बदलीच्या निमित्ताने तीन प्रांतांचे पाणी प्यालो आहोत. आमची धाकटी कन्या आजीस पत्र लिहावयास बसली म्हणजे पहिली ओळ मराठीत लिहिते आणि दुसऱ्या ओळीपासून हिंदीत घसरते. 'पुढल्या बदलीत महाराष्ट्रात जाऊ, मग मराठी आपोआप येईल,' असे आम्ही गेली आठ वर्षे घरात म्हणत आलो आहोत. जर्मनीतील तुर्कांविषयी वाचू लागलो तेव्हा हेच वाक्य आम्हांस तेथे भेटले. फक्त तेथे ते तीस वर्षे म्हटले गेले होते. आपली स्थिती त्यांच्यासारखी आहे असे सुचविण्याचा मात्र आमचा मुळीच हेतू नाही. महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसास आपल्या मुलाच्या जन्माबरोबर परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन राहण्याचा परवाना मागावा लागत नाही. फरक केवढा आहे हे पुढे दिसेलच.

१९६१ च्या ऑगस्टात बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारा कामगारांचा ओघ एकाएकी थांबला. इटलीशी १९५५ साली आणि स्पेन व ग्रीस यांच्याशी १९६० साली पश्चिम जर्मनीने मजूरभरतीचे करार केलेच होते. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तसाच करार तुर्कस्तानाशी झाला. या करारान्वये आलेल्यांस जर्मन लोक ज्या नावाने ओळखू लागले त्याचा शब्दशः अर्थ 'पाहुणा कामगार'. तुर्कीत त्याचे 'मिसाफिर इश्ची' असे भाषांतर झाले. हा 'मिसाफिर' म्हणजे आपला मुसाफरच. एकाच अरबी धातूचा शब्द तुर्कस्तानात पोचून पाहुणा झाला आणि आपल्याकडे येऊन वाटसरूच राहिला. करार लिहिणाऱ्यांच्या मनात मात्र आपलाच अर्थ असावा, कारण मूळ करारात तुर्की कामगाराचा मुक्काम दोन वर्षांचा ठरविला होता आणि कुटुंब आणण्याची तरतूद त्यात नव्हती. दोन वर्षे झाली की जुना जाईल आणि ताज्या दमाचा नवा येईल, अशी ही रहाटगाडग्याची योजना होती.

ती मोडली कोणी? कामगारांनी नव्हे, कारखानदारांनी. काम शिकून तयार झालेला माणूस दोन वर्षांनी घालवायचा आणि अनोळखी माणसास पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे, हा व्यवहार त्यांस परवडणारा नव्हता. १९६४ साली करारातून दोन वर्षांची अट निघाली. अट निघाली, पण समजूत राहिली, आणि आमच्या मते या सर्व इतिहासाचे मर्म तेथेच आहे. आमच्या कचेरीतील वडीलधारे सहकारी जुन्या काळच्या 'तात्पुरत्या' जागांच्या गोष्टी सांगतात. दरसाल त्या जागा पुढे चालू ठेवण्याचा हुकूम यावयाचा आणि अशा जागेवर चिकटलेला माणूस तात्पुरत्या स्थितीतच लग्न, मुलेबाळे, मुलींची लग्ने सारे उरकून मोकळा व्हावयाचा. असे तात्पुरतेपण माणसास हाकलून देत नाही. ते फक्त त्यास भिंतीला खिळा ठोकू देत नाही.

इस्तंबुलातील जर्मन भरती-कचेरीत उमेदवारांची वैद्यकीय तपासणी होई. दात, डोळे, रक्त, लघवी सारे पाहून, उघड्या अंगाने रांगेत उभे करून माणसे निवडली जात. निवडलेल्यांस सिर्केजी स्थानकावर आगगाडीत बसविले जाई आणि सुमारे तीन दिवसांच्या प्रवासानंतर ते म्यूनिकच्या अकराव्या फलाटावर उतरत. या चित्रात बहुधा टोपी घातलेला, मिशीवाला, आनातोलियाच्या खेड्यातील पुरुष रंगविला जातो. वस्तुतः बायकांची संख्याही लक्षणीय होती. पश्चिम बर्लिनमधील रेडिओ व विजेच्या सामानाच्या कारखान्यांस नाजूक बोटांची गरज होती, म्हणून कित्येक तरुण तुर्की स्त्रिया नवऱ्याच्या आधी, कधी नवऱ्यास आणि तान्ह्या मुलांस मागे ठेवून, एकट्या गेल्या. सातासमुद्रापलीकडे नव्हे, पण तीन दिवसांच्या आगगाडीपलीकडे आई, आणि मूल आजीजवळ. कोकणातील ज्या घरांचा पुरुष मुंबईस चाकरमानी असे त्या घरांस ही व्यवस्था समजावून सांगावयास नको. मनिऑर्डर यावी आणि माणूस न यावे! मात्र गणपतीस आणि शिमग्यास चाकरमानी घरी येई; तुर्की आई वर्षातून एकदा, कारखान्याच्या उन्हाळी सुटीत येई, आणि तोवर मुलाने आजीस 'आई' म्हणावयास आरंभ केलेला असे. पुष्कळ घरांत लिहिता-वाचता येणारे कोणी नसल्यामुळे पत्रांऐवजी आवाजाच्या फिती पाठविण्याची चाल पडली. आईने जर्मनीत वसतिगृहाच्या खोलीत बसून यंत्रापुढे बोलावयाचे आणि ती फीत गावी साऱ्यांनी मिळून ऐकावयाची.

पुढे मुलांची ने-आण सुरू झाली. दोन वर्षे जर्मनीत, तीन वर्षे आजीकडे, पुन्हा जर्मनीत. अशा मुलांस दोन्ही भाषांत 'पेटीची मुले' या अर्थाचे नाव आहे. कपाटावर पेटी भरून ठेवलेली, आणि कोणत्या वर्षी ती खाली उतरेल हे त्यांस ठाऊक नाही.

२३ नोव्हेंबर १९७३ रोजी, तेलाच्या संकटाच्या धास्तीत, पश्चिम जर्मनीने परदेशी मजुरांची भरती बंद केली. सरकारी हुकुमाचा परिणाम हुकुमाच्या नेमका उलट कसा होतो याचा याहून चांगला नमुना क्वचितच सापडेल. १९५५ पासून तोवर सर्व देशांचे मिळून सुमारे १ कोटी ४० लाख परदेशी कामगार त्या देशात आले आणि त्यांतील सुमारे १ कोटी १० लाख परत गेले होते. म्हणजे रहाटगाडगे अगदीच फिरत नव्हते असे नाही. दार उघडे होते तोवर माणूस निर्धास्तपणे गावी जाई, कारण वाटल्यास पुन्हा येता येई. दार बंद झाले तेव्हा जो आत होता त्याने हिशेब केला की आता गेलो तर कायमचा गेलो. त्याने जाणे रद्द केले आणि बायकोमुलांस बोलावून घेतले. त्यातच १ जानेवारी १९७५ पासून मुलांसाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचे नियम बदलले. जर्मनीत राहणाऱ्या मुलास पूर्ण भत्ता, तुर्कस्तानात ठेवलेल्या मुलास कमी. खर्च वाचविण्यासाठी काढलेल्या या नियमाने, मुलांस आजीजवळ ठेवावे की नाही याविषयी जे बाप घुटमळत होते त्यांचाही निर्णय करून टाकला. ज्या राज्यास पाहुण्यांची मुले नको होती त्याच राज्याच्या दोन कागदांनी ती गोळा करून आणली. कागद लिहिणे हाच आमचा व्यवसाय असल्यामुळे या प्रकरणाचे आम्हांस हसूही येते आणि भीतीही वाटते.

मुले आली ती बर्लिनच्या क्रॉयत्सबर्ग भागात, कोलोनमध्ये, ऱ्हूर नदीच्या खोऱ्यातील खाणींच्या गावांत. बापाची भाड्याची खोली, जिन्यातले सामायिक संडास, कोळशाची शेगडी. घरातील सामान तात्पुरते, कारण चांगले सामान गावच्या नव्या घरासाठी. कित्येक कुटुंबांनी जर्मनीत अर्धपोटी राहून आनातोलियात दुमजली घरे बांधली आणि त्यांत दरसाल चार आठवडे राहिली. मुलांचे बालपण मात्र ज्या घरात काटकसर होती तेथे गेले.

आता शाळेकडे येऊ, कारण खरी ओढाताण तेथे झाली. जर्मन प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने १९६४, १९७१ आणि १९७६ साली या मुलांविषयी ठराव केले. त्यांचा सारांश असा की मुलांस जर्मन शाळेत सामावून घ्यावे, आणि त्याचबरोबर मायदेशी परतण्याची त्यांची तयारीही राखावी. ठराव म्हणून वाक्य निर्दोष आहे. वर्गात त्याचा अर्थ असा झाला की एकाच मुलास दोन भविष्यांसाठी निम्मे-निम्मे शिकवावयाचे. बवेरियात कित्येक वर्षे तुर्की मुलांचे निराळे वर्ग भरत आणि तेथे शिक्षण मुख्यतः तुर्कीतून चाले. पाहुणा जाणारच आहे, तर त्याच्या मुलास येथली भाषा कशास, असा त्यामागील सरळ विचार. इतर काही प्रांतांत मुले जर्मन वर्गात बसत आणि दुपारी तुर्की वकिलातीने नेमलेल्या गुरुजींकडे जात. हे गुरुजी काही वर्षांच्या नेमणुकीवर आलेले, बहुधा जर्मन न जाणणारे. त्यांच्या पुस्तकात अंकाराची राजधानी, झेंडा, अतातुर्क आणि तुर्कस्तानातील नद्या. आणि चौथी इयत्ता संपताच, दहा वर्षांच्या वयात, जर्मनीतील बहुतेक प्रांतांत त्या काळी मुलांची तीन वाटांवर विभागणी होई: हाउप्टशूल, रेआलशूल आणि गिम्नाझियम. पहिली वाट हाताच्या कामाकडे जाई, तिसरी विद्यापीठाकडे. ज्या मुलास तोवर धड जर्मन वाक्य जुळविता येत नाही ते कोणत्या वाटेस लागणार हे सांगावयास ज्योतिषी नको. तुर्की मुले मोठ्या संख्येने पहिल्या वाटेवर ढकलली गेली. २००१ च्या डिसेंबरात जागतिक शालेय चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले आणि जर्मन शाळेतील यश मुलाच्या बुद्धीइतकेच त्याच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून असते, तेही इतर बहुतेक देशांहून अधिक, हे जेव्हा आकड्यांत दिसले तेव्हा त्या देशास धक्का बसला. पाहुण्यांच्या घरी हे चाळीस वर्षे ठाऊक होते.

या मुलांविषयी बोलताना 'दोन संस्कृतींमध्ये वाढणे' असा शब्दप्रयोग सर्रास होतो. आम्हांस तो हिशेबात चुकलेला वाटतो. एखाद्या दहा वर्षांच्या मुलाचा आठवडा घ्या. घरात गावाकडची तुर्की बोली, आणि कुटुंब कुर्द असेल तर तीही नव्हे, कुर्दीच. सकाळी शाळेत जर्मन. दुपारी वकिलातीच्या गुरुजींची पुस्तकी, शुद्ध तुर्की, जिच्यापुढे घरची बोली अडाणी ठरे. शनिवार-रविवारी मशिदीत अरबी अक्षरे, जी मोठ्याने म्हणावयाची पण ज्यांचा अर्थ सांगावयास बहुधा कोणी नसे. यांपैकी प्रत्येक ठिकाणी त्याची चूक निराळी आणि शिक्षाही निराळी. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याचा निदान तोल तरी सावरतो. येथे दगडच चार!

धर्माविषयी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे. आनातोलियाच्या खेड्यात धर्म मुलास कोणी मुद्दाम शिकवीत नसे. तो हवेत असे. बांग ऐकू येई, रमजानात सारे गाव उपाशी असे, 'शेकर बायराम' म्हणजे आपली रमजान ईद आली की नवे कपडे घालून मुले थोरांचे हात चुंबीत आणि मिठाई गोळा करीत हिंडत. जर्मनीत ही हवा नव्हती. तेथे हिवाळ्यात सूर्य चारला मावळतो, नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणास कागदी कंदील घेऊन मुलांची मिरवणूक निघते, आणि पुष्कळ बालवाड्या चर्चच्या संस्थांच्या असल्यामुळे तुर्की मुलेही कंदील घेऊन त्या मिरवणुकीत चालत. आईबापांस भय वाटले. जे आपोआप येत होते ते आता मुद्दाम द्यावे लागणार होते. आणि ज्यांनी स्वतः कधी धडा घेतला नव्हता त्यांस तो देणे जमेना. मग कारखान्यांच्या मागील चौकांत, जुन्या गोदामांत, तळघरांत भाड्याने जागा घेऊन मशिदी उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारी वाण्याचे दुकान, चहाची खोली, न्हावी. १९८४ साली कोलोनमध्ये तुर्की सरकारच्या धर्मखात्याशी जोडलेली मोठी संस्था निघाली आणि तिच्यातर्फे तुर्कस्तानातून इमाम येऊ लागले, तेही काही वर्षांच्या नेमणुकीवर, तेही जर्मन न जाणणारे. म्हणजे गुरुजी तात्पुरते, इमाम तात्पुरते, बापाचा परवाना तात्पुरता. कायमचे असे त्या मुलाभोवती कोणी असेल तर ते रस्त्यावरील सवंगडी. सर्व तुर्क एकाच साच्याचे मुसलमान होते असेही नव्हे. अलेवी पंथाचे लोक त्यांत मोठ्या संख्येने होते, त्यांची उपासना निराळी, आणि सुन्नी शेजाऱ्यांपासून आपला पंथ लपविण्याची सवय ते गावाहूनच घेऊन आलेले. काही घरे अतातुर्कास मानणारी, मशिदीची पायरी न चढणारी. जर्मन शेजाऱ्याच्या दृष्टीने मात्र सारे एकच.

जर्मन राज्यघटनेप्रमाणे सरकारी शाळेत धर्मशिक्षण हा नियमित विषय आहे आणि तो त्या त्या धर्मसंस्थेच्या तत्त्वांप्रमाणे शिकविला जातो. कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट मुलांस तो मिळे. इस्लामच्या बाबतीत मात्र ज्याच्याशी पत्रव्यवहार करावा असे चर्चसारखे एक अधिकृत कार्यालयच नाही, ही अडचण पुढे केली जाई. मान्यताप्राप्त कार्यालय नाही म्हणून विषय नाही! नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया प्रांताने इस्लामचे धर्मशिक्षण नियमित विषय म्हणून सुरू केले ते २०१२ साली, आणि जर्मन प्रांतांत तो पहिला. करार होऊन एक्कावन्न वर्षे झाली होती. तोवर ज्यांस तो विषय शाळेत हवा होता त्यांची मुलेच आईबाप झाली होती.

मुलींच्या पोहण्याच्या तासाची गोष्टही येथेच सांगू. १९९३ साली संघराज्याच्या प्रशासकीय सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की मुलामुलींचा व्यायामाचा तास एकत्र असेल आणि मुस्लिम मुलीच्या धर्मश्रद्धेस ते जाचत असेल, तर तिला सूट मिळाली पाहिजे. वीस वर्षांनी, २०१३ साली, त्याच न्यायालयापुढे फ्रँकफुर्टच्या एका शाळकरी मुलीचे तसेच प्रकरण आले. हे घराणे मोरोक्कोतून आलेले होते. या खेपेस न्यायालय म्हणाले की अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख आता मिळतो, तो घालून मुलीने तासास यावे. दोन्ही निकाल आपापल्या ठिकाणी समंजस आहेत. आमचे लक्ष मात्र त्यांमधील वीस वर्षांकडे जाते. पहिल्या निकालात मुलगी जणू दुसऱ्यांच्या घरची आहे, तिचे ती पाहील. दुसऱ्यात ती वर्गातली आहे, म्हणून तिला तासास बसावे लागेल. आपलेपणाबरोबर सक्तीही येते, आणि कोणत्या घरास कोणती अधिक जाचली हे बाहेरच्याने सांगू नये.

घरात या मुलांचे आणखी एक स्थान होते, आणि ते आम्हांस आमच्या खिडकीवरून ओळखीचे आहे. आईबापांस जर्मन येत नसल्यामुळे आठ-दहा वर्षांची मुले दवाखान्यात, भाडेकरारात, परदेशी नागरिकांच्या कचेरीत दुभाषी होत. आमच्या खिडकीशीही कधीकधी परप्रांतीय मजूर येतो आणि त्याची चिमुरडी मुलगी टाचा उंचावून त्याचे म्हणणे आम्हांस सांगते. एकदा एका अर्जातील चुकीबद्दल आम्ही अंमळ वरच्या स्वरात बोललो. तिने ते बापास सांगितले खरे, पण आमच्या चार वाक्यांची तिच्या तोंडी दोनच झाली. बापास जे ऐकवू नये ते तिने मध्येच गिळले होते. त्या संध्याकाळी आम्हांस अन्न गोड लागले नाही. जर्मनीतील तुर्की मुलांनी अशी किती वाक्ये गिळली असतील! डॉक्टरांनी आईविषयी सांगितलेले, शिक्षकाने स्वतःविषयी सांगितलेले. बापाचा अधिकार आणि बापाचे अज्ञान एकाच वेळी पाहावे लागणे हा मुलाच्या वाट्यास येणारा कठीण अनुभव आहे, आणि ज्याचा अधिकार बाहेर क्षणोक्षणी उतरतो तो बाप घरात अधिक कडक होतो हेही नवल नव्हे.

या कडकपणाची किंमत मुलींनी अधिक दिली. मुलगा रात्री उशिरा आला तर त्यास जेवण वाढले जाई. मुलीस शाळेच्या सहलीस जाण्याची परवानगी नसे. गावातील नात्यात लहान वयात लग्ने लावून देण्याचे प्रकारही घडले. २००५ च्या फेब्रुवारीत बर्लिनमध्ये तेवीस वर्षांच्या एका तरुणीस तिच्याच धाकट्या भावाने भर रस्त्यात गोळ्या घातल्या. ती बर्लिनमध्येच जन्मलेली. सोळाव्या वर्षी इस्तंबुलास चुलतभावाशी लग्न लावून दिलेले. त्यास सोडून ती परत आली, मुलास वाढवीत वीजतंत्रीचे काम शिकली आणि आपल्या मनाप्रमाणे राहू लागली, हा तिचा अपराध. याचे खापर गरिबीवर किंवा जर्मन सरकारवर फोडून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. तशाच परवान्यावर, तशाच खोल्यांत राहून ज्या हजारो तुर्की आईबापांनी मुलींस शिकविले त्यांच्यावर तो अन्याय होईल.

'पाहुणे जातील' ही समजूत खरी करण्याचा एक शेवटचा प्रयत्न १९८३ साली झाला. तत्पूर्वी, १९७९ साली, परदेशी नागरिकांसाठी नेमलेले संघराज्याचे पहिले आयुक्त हाइन्झ क्यून यांनी एक निवेदन लिहून सरकारास सुचविले होते की हे लोक येथे स्थायिक झाले आहेत, ही गोष्ट कबूल करा आणि येथे जन्मलेल्या मुलांस नागरिकत्वाचा हक्क द्या. निवेदन दप्तरी दाखल झाले. त्याऐवजी १९८३ च्या नोव्हेंबरात कायदा झाला तो परत जाणाऱ्यांस पैसे देण्याचा: बेकार झालेल्या कामगारास १०,५०० मार्क आणि दर मुलामागे १,५०० मार्क. मुलांची संख्या तुर्की कुटुंबास जर्मन सरकारकडून फायद्याची ठरली, ती त्यांस नेण्यासाठी! सुमारे अडीच लाख तुर्क या सुमारास परतले. मोठ्यांस गाव ओळखीचे होते. मुलांस ते उन्हाळी सुटीचे ठिकाण होते, आणि आता सुटी संपेना. शाळेत काळा झगा, पांढरी कॉलर, सकाळची रांग, गुरुजींपुढे उलट न बोलण्याची शिस्त. जर्मन वर्गात ज्यास हुशारी म्हणत ते येथे उद्धटपणात जमा होई. जर्मनीत जी मुले 'तुर्क' होती ती तुर्कस्तानात 'अल्मान्जी', म्हणजे जर्मनाळलेली, ठरली. त्यांच्यासाठी काही आनातोलियन विद्यालयांत जर्मनीहून शिक्षक आणून जर्मन माध्यमातून शिकविण्याची सोय करावी लागली. म्हणजे जर्मनीत त्यांस तुर्की गुरुजी आणि तुर्कस्तानात जर्मन गुरुजी!

जे राहिले त्यांच्यावर १९९० नंतर निराळेच संकट आले. २३ नोव्हेंबर १९९२ रोजी म्योल्न गावी आणि २९ मे १९९३ रोजी झोलिंगेन शहरी वंशद्वेष्ट्या तरुणांनी रात्री तुर्की कुटुंबांची घरे पेटविली. म्योल्नला आजी आणि दोन मुली गेल्या. झोलिंगेनला पाच जणी, त्यांतील धाकटी चार वर्षांची. झोलिंगेनच्या घरातील माता मेव्ल्युदे गेंच यांनी दोन मुली, दोन नाती आणि एक भाची गमावली, आणि तरीही त्या द्वेष सोडण्याचेच सांगत राहिल्या. त्यांनी पुढे जर्मन नागरिकत्व घेतले. २०२२ साली त्या वारल्या. त्या वर्षांत पुष्कळ तुर्की घरांतून दाराशी दोरखंड आणि पाण्याच्या बादल्या ठेवून लोक निजत. मुलांनी आईबापांस विचारले, आपण येथलेच ना? 'पुढल्या वर्षी जाऊ' हे उत्तर त्या प्रश्नास पुरे पडेना.

नागरिकत्वाचा मूळ कायदा १९१३ सालचा, रक्तावर उभारलेला. जर्मनाचे मूल ते जर्मन, मग ते कोठेही जन्मो, आणि तुर्काचे मूल तुर्क, जरी त्याने बर्लिनखेरीज काही पाहिले नसले. हा पाया बदलला तो १ जानेवारी २००० रोजी. आठ वर्षे कायदेशीर राहिलेल्या परदेशी आईबापांचे जर्मनीत जन्मलेले मूल जर्मन नागरिक ठरू लागले. मात्र एक मेख होती. अठरा ते तेवीस या वयात त्याने दोहोंपैकी एक नागरिकत्व निवडावयाचे. तेवीस पुरी होईतो निवड झाली नाही तर जर्मन नागरिकत्व जावयाचे. युरोपीय संघातील आईबापांच्या मुलांस दोन्ही ठेवण्याची मुभा होती, तुर्की मुलांस नव्हती. आईकडचा की बापाकडचा हे मुलास कोणी विचारू नये, असा आपल्याकडे सभ्यतेचा संकेत आहे. येथे सरकार ते टपालाने विचारीत असे. २०१४ च्या डिसेंबरात, जर्मनीत वाढलेल्या मुलांपुरती ही अट निघाली. २७ जून २०२४ पासून तर दुहेरी नागरिकत्वास सर्वांनाच मोकळीक मिळाली. करारास तेव्हा बासष्ट वर्षे उलटून गेली होती आणि सिर्केजीहून निघालेल्यांपैकी बहुतेक या निर्णयाचा लाभ घेण्यास उरले नव्हते.

या मुलांतून मोठी माणसे निघालीच नाहीत असे नव्हे. जेम ओझ्देमिर हे १९९४ साली जर्मन संसदेत निवडून आले आणि पुढे मंत्री झाले. त्यांची शाळा हाउप्टशूलपासूनच सुरू झाली होती. परंतु अशा नावांची यादी देऊन विषय गोड करण्याची चाल आम्हांस पटत नाही. या घरांत काय चालले होते ते अधिक खोलवर कळते ते एमीने सेवगी ओझ्दामार या लेखिकेमुळे. त्या १९६५ साली कारखान्यातील कामगार म्हणून बर्लिनला आल्या, पुढे जर्मन भाषेत लिहू लागल्या आणि २०२२ साली जर्मनीचा मोठा साहित्य-पुरस्कार, ब्यूख्नर पारितोषिक, त्यांस मिळाला. 'मुटरत्सुंगे' हे त्यांचे पुस्तक १९९० सालचे. तुर्कीत 'दिल' म्हणजे जीभही आणि भाषाही. तोच अर्थ जर्मनवर लादून त्यांनी 'मातृजिव्हा' असे नाव घडविले. त्यातील निवेदिकेस वाटते की आपली मायबोली कोठे हरवली हे आपणांस आठवत नाही, आणि ती शोधण्यासाठी ती बर्लिनमध्येच एका गुरूकडे अरबी लिपी शिकावयास जाते. कारण आजोबा त्या लिपीत लिहीत. १९२८ साली तुर्कस्तानाने लिपी बदलली आणि आजोबा व नात एकमेकांस वाचता न येणारी झाली. आमच्या पणजोबांचे मोडी कागद पेटीत आहेत आणि आम्हांस त्यांतील तारखेपलीकडे काही लागत नाही, हे आम्हांस ते वाचताना आठवले. नात्याची तूट केवळ देश सोडल्याने पडते असे नाही; तुर्कांच्या बाबतीत ती गावातच एकदा पडलेली होती.

आता पहिल्या पिढीतील माणसे जात आहेत. जर्मनीत थडग्याची जागा बहुधा वीस-पंचवीस वर्षांच्या कराराने मिळते, करार पुन्हा केला नाही तर ती जागा दुसऱ्यास देता येते. आणि शवपेटीवाचून कफनातच पुरण्याची मुस्लिम रीत पुष्कळ प्रांतांत आता आतापर्यंत चालत नसे. बवेरियाने ती २०२१ साली मोकळी केली. म्हणजे मेल्यावरही परवाना मुदतीचाच. म्हणून बहुतेकांनी आपले शेवटचे गावी होण्याची सोय हयातीतच करून ठेवली. मशिदींच्या संस्थांचे त्यासाठी खास निधी आहेत. दरसाल थोडी वर्गणी भरावयाची, आणि माणूस गेला की स्नान, कफन, विमानातील पेटी, गावच्या दफनभूमीपर्यंतची गाडी, सारे निधीतून होते. 'पुढल्या वर्षी जाऊ' हे वाक्य असे पुरे होते. मुले मात्र अलीकडे आपल्या माणसांस जर्मनीतच पुरू लागली आहेत, विशेषतः लहान मूल गेले तर. थडगे जवळ हवे असे त्यांस वाटते. बापाच्या पेटीबरोबर एका नातलगाचे विमानाचे भाडे निधी देतो. ते तिकीट जाण्यायेण्याचे असते.